चिपाडाचा कोळसा

आई, आज रिपोर्ट आला. हडपसरला आपल्या जुन्या गल्लीतल्या बोअरच्या पाण्यात शिसं होतं, ते गाळल्यावर जवळजवळ उरलंच नाही. गाळायला वापरलाय चिपाडाचा कोळसा. रस काढून उरलेली चिपाडं उन्हात वाळवायची, झाकणबंद डब्यात भाजायची, तो कोळसा कुटून, धुऊन पाइपात भरायचा. बस, एवढंच. प्रयोगशाळेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याकडून पेढे उकळले आणि संध्याकाळी आपापल्या गाड्या काढून गेली. मी कोथरूडला घरी आले. कुलूप उघडल्यावर "आलीस का गं?" म्हणणारं इथे कुणी नाही, म्हणून तुला सांगतेय.

चिपाडं आणायला मी एका रसवंतीवर जाते. पहिल्या दिवशी मालक म्हणाला, "लोक रस प्यायला येतात, आपण कचऱ्याला आलात. म्हशी किती आहेत घरी?" मी हसले. तेवढ्यात चरकाचा तो ओला, गोड वास आला आणि मी आपल्या रसाच्या गाड्यापाशी उभी आहे, शाळेच्या गणवेशात. तू चरक धुऊन झाल्यावर त्याच बोअरचं तांब्याभर पाणी उभ्याने पितेस. मी नाक मुरडते, तशी दटावतेस, "पाण्याला नावं ठिवू नये. गोड हाय ते." गोडच होतं गं. त्यात काय मिसळलंय हे जिभेला कळत नाही. पलीकडच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडायचे, त्यांच्यातलं शिशाचं पाणी मागच्या नाल्यात सोडायचे. वास आला की आपण नाकाला पदर लावायचो, आणि काम संपायचं.

पुढे तुझ्या किडन्या गेल्या. त्या पाण्यानेच गेल्या असं मी म्हणणार नाही. तेव्हा ते कुणी तपासलंच नव्हतं, आता कुणाला विचारू? गल्लीतली माणसं मात्र अजून तेच पितात. पुढच्या महिन्यात तिथे गाळणी बसवायची आहे.

आज सगळे म्हणत होते, किती सोपा उपाय, किती स्वस्त. ते ऐकलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आपल्या गाड्यामागे चिपाडांचा ढीग माझ्या डोक्याच्या वर जायचा. वाळला की तू त्याला काडी लावायचीस आणि मी हात शेकत बसायचे. आज मला आनंद झालाच नाही, आई. नुसता राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळलं नाही.