पुस्तकातल्या बाईचा शेवट

माय, सकाळी कपाट आवरताना तुझं सूप हाताला लागलं, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. दोनदा चहा केला, दोनदा तसाच मोरीत ओतला. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहिली कसली, मीच सांगितली नाही.

बालाघाटच्या घराची आपली ओसरी तुला आठवत असेल. दुपारची जेवणं आटोपली की वॉर्डातल्या चार-पाच बायका सुपं घेऊन येतात, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं मध्ये ठेवतात आणि विड्या वळायला बसतात. हात सगळ्यांचे गुंतलेले, कान तेवढे मोकळे. म्हणून शाळेला सुट्टी लागली की मी वाचायचं. शाळा माझी हिंदी, पण मराठी वाचायला तुमसरच्या मामानं शिकवलं होतं आणि पुस्तकंही तोच आणायचा. राज्यांची नवी वाटणी होऊन तुमसर नुकतंच दुसऱ्या राज्यात गेलं होतं, तरी मामाची पिशवी पूर्वीसारखीच यायची. तुला अक्षरओळख नव्हती. बसवरची पाटीसुद्धा मी वाचून दाखवायची.

त्या उन्हाळ्यात जे पुस्तक चाललं होतं, त्यातली बाई एका कारकुनाची बायको. नवरा तिला मारत नाही, शिवी देत नाही. ती घरात नाहीच अशा बेतानं वागतो. बारा वर्षं. मग एक दिवस ती मुलीला झोपलेली ठेवून निघून जाते. मी तिथवर वाचलं आणि ओसरीवर नुसता गलका झाला. समोरच्या मावशीनं तर कातर खाली ठेवली. "नवरा मारत नाही, पोटाले देते, मंग इचं दुखते काय? अशा बाईले दारात उभं नाही करू कोणी." दुसरी म्हणाली, "हौ ना, पोरीले टाकून जाते म्हंजे काय!" सगळ्यांनी त्या बाईची पार अब्रू काढली. तुझ्या हातातली विडी मात्र उलगडली होती, ती तू पुन्हा वळलीस आणि म्हणालीस, "पुढे वाच. कुठी गेली ते?"

मी म्हटलं, उद्या.

बाबा उकव्याच्या खाणीवर होते, सुट्टीला घरी यायचे. त्यांनीही तुला कधी मारलं नाही. शेजारणी हे तुलाच कौतुकानं सांगायच्या. ते तुझ्याशी बोलत नसत एवढंच. तू समोर वाढत असायचीस आणि ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुह्या मायले सांग, वरणात मीठ नाही." मी सांगायची. तू म्हणायचीस, "बाबाले सांग, मीठ बाजूले ठेवलं आहे." तेही मी सांगायची. हे का सुरू झालं ते मला कधीच कळलं नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

त्याच आठवड्यात तू मला बसस्टँडवर पाठवलंस. "कटंगीवरून तुमसरले जाते ते पहिली मोटर कितीले सुटते, बोर्डावर पाहून ये." मामाकडे लग्न नाही, बारसं नाही. मी पाहून आले, खरी वेळ सांगितली. मग पाणी प्यायला आत गेले, तर तांदळाच्या कोठीमागे कापडी पिशवी दिसली. उघडली. तुझी दोन लुगडी होती, काचेच्या बांगड्या होत्या. माझा एकही फ्रॉक नव्हता.

दुसऱ्या दुपारी पुस्तक उघडलं तेव्हा बायका आल्या होत्या, तू खांबाला टेकून बसली होतीस. मी पानावर बोट ठेवलं आणि जे तिथे नव्हतं ते वाचलं. ती बाई गावाबाहेर गेली, तिला कोणी थारा दिला नाही, आणि तिनं विहिरीत जीव दिला. मुलगी रडून रडून आजारी पडली, असंही मी वर घातलं. आवाज जराही कापला नाही माझा. मावशी म्हणाली, "बरं झालं, सुटली." तू सूप बाजूला ठेवून आत गेलीस. संध्याकाळी तुझी दोन्ही लुगडी वलणीवर होती.

पुस्तक परत करायच्या आधी मी शेवटची पानं वाचली. ती बाई मेली नव्हती, माय. परगावी शिवणकाम करत होती. शेवटच्या पानावर तिनं मुलीला बोलावून घेतलं होतं, आणि मुलगी स्टेशनवर उतरली होती. पिशवीत फ्रॉक नव्हता म्हणून मी किती घाबरले होते! आणि तू कदाचित असंच काही मनात धरलं असशील. कदाचित नसशीलही. हे मला आता कोण सांगणार?

माझं लग्न ठरलं तेव्हा तांदूळ निवडता निवडता तू एकदम म्हणालीस, "ते पुस्तकातली बाई पागल होती. घर सोडाची हिंमत होती, मंग विहीर काहून पाह्यली? पुढे जाव लागत होतं." किती वर्षं तू तिला मनात घेऊन बसली होतीस! आणि तिच्यावर रागावली होतीस, माझ्या करणीपायी. ओठावर आलं होतं सगळं. मी म्हटलं, "जाऊ दे ना माय, पुस्तकच तर आहे."

त्यानंतरही तेरा वर्षं, डोळे मिटेपर्यंत, तू बाबांना वाढलंस. मी नव्हते तर निरोप कोण सांगत होतं, हेही मी कधी विचारलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे मी लिहू शकले. समोर असतीस, तर हा कागद माझ्याच हातात देऊन म्हणाली असतीस, "वाच, काय लिहिलं आहे?" आणि मी, माय, पुन्हा दुसरंच काहीतरी वाचलं असतं.