करवतीचा चुकलेला दात

प्रिय प्रज्वल,

जिने आजवर साडीसुद्धा दोन दुकानं फिरून घेतली नाही, त्या तुझ्या ताईने एका फोटोबुकासाठी तीन ऑनलाइन कंपन्यांना कामाला लावलंय. हसायचं तर हस, मी माघार घेणार नाही. बाबांचा डावा डोळा गेलाच आहे आणि उजवा दिवाळीनंतर किती साथ देईल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्याआधी आईच्या फोटोंचं पुस्तक त्यांना डोळे भरून बघता आलं पाहिजे, एवढंच मी ठरवलंय.

तिघांकडून तेच बारा पानांचं पुस्तक छापून घेतलं आणि शाळेत पेपर तपासते तसे मार्क दिले. पहिल्याचा कागद इतका चकचकीत, की बाबांना पानावर आईऐवजी खिडकीच दिसायची. दुसऱ्याने आईला हळद लावल्यासारखी पिवळी केली. तिसऱ्याचा कागद जाड, बिनचमकेचा, पुस्तक सपाट उघडतं. त्याला पास करणार, तेवढ्यात खरे परीक्षक, म्हणजे बाबा, मध्ये पडले. रंग ट्यूबलाइटखाली पाहायचा नसतो, म्हणाले. उमरेडला हातमाग होता तेव्हापासूनची शिस्त, सकाळी दहाचं ऊनच लागतं. प्रताप नगरच्या माझ्या एवढ्याशा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. आईची साडी विणताना उरलेली लाल सुताची लडी त्यांनी अजून जपून ठेवलीय, ती तिन्ही पानांना लावून पाहिली. तिसऱ्यापाशी मान डोलावली, मग फोटोतल्या आईच्या त्याच साडीच्या काठावरून बोट फिरवलं आणि थांबले.

"करवतीचे दात कुठं गेले वं?"

खरंच नव्हते. काठावर करवतीच्या दातांसारखी विणलेली नक्षी नव्हतीच, नुसती लाल पट्टी होती. मी कंपनीला फोन करून चांगलं झापलं. तिकडची मुलगी शांतपणे म्हणाली, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय, त्यात जेवढं आहे तेवढंच छापता येतं. चूक माझीच निघाली. तो तू मोबाइलवर काढून पाठवलेला, फोटोचा फोटो. खरा तुझ्याकडे आहे. तेरवीच्या दिवशी बाबा सगळ्यांदेखत बोलले, की तू आईसाठी वेळेवर पोचला नाहीस, आणि तू भिंतीवरचा तो फोटो काढून पुण्याला निघून गेलास. त्याला चार वर्षं झाली. तेव्हा मी तोंड उघडलं नाही, याची मला अजून लाज वाटते. साडी तर आईबरोबरच गेली. तो काठ आता त्या एका फोटोतच उरलाय.

मी बाबांची समजूत काढली, दात जाऊ द्या, चेहरा तर छान आलाय. त्यांनी पुस्तक मिटलं नाही.

"एक दात चुकला हाये त्यातला. मले तो पाहाचा होता."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पन्नाशीला टेकल्यावर कळतंय. आई बाळंतपणाला माहेरी, खाप्याला गेली होती आणि बारशाला तिने नेसावी म्हणून बाबा ती साडी विणत होते. काठ अर्ध्यावर असताना निरोप आला, मुलगा झाला. सुताचे धोटे मागावर तसेच टाकून ते मिळेल त्या बसने निघाले. परतून मागावर बसले तेव्हा हात आनंदात होता, एक दात गळून गेला. गिऱ्हाइकाची साडी असती तर उकलून पुन्हा विणली असती. ही तशीच ठेवली. आईला ते माहीत होतं आणि ती कुणाला बोलली नाही.

म्हणून हे पत्र. फोटो कुरियरने पाठवू नकोस, मी परत करीन. दसऱ्याच्या सुट्टीत स्वतः घेऊन ये. इतवारीत स्कॅन करून देणारा मी शोधून ठेवलाय, तिसऱ्या कंपनीची ऑर्डरही थांबवून ठेवलीय. बाबांनी तुला बोलावलेलं नाही, तेही तुझ्याइतकेच हट्टी. पण ती लाल लडी त्यांनी ट्रंकेत परत ठेवली नाही, उशाशी घेतलीय. तो गळलेला दात म्हणजे तू आहेस, बाळा. दहाच्या उन्हात त्यांचं बोट धरून तो त्यांना तूच दाखव.

वाट पाहणारी, आणि हटून बसलेली,
तुझीच
रुचिकाताई