मशिनीचा सोमवार

अहो,

मी सातच्या जीपनं हट्ट्याला चालले. आपण काढलेले तिथल्या लग्नाचे फोटो पुसले गेले, हे नवरीच्या आईला मीच तोंडानं सांगणार हाय. तुमी फोन करू नका.

गुरुवारी आपल्या फोटोच्या दुकानातल्या एक नंबरच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क उडाली, ते कोणाच्या हातात नव्हतं. तिन्ही कॉम्प्युटर वायरनं जोडून कॉपीचा टाइम मीच लावला होता. सोमवारी दुपारी एकला सगळे फोटो आपोआप तीन नंबरवर जायचे, बाकीच्या दिवशी फक्त त्या दिवसाचे नवीन. हट्ट्याचे फोटो आपण रविवारची एकची कॉपी झाल्यावर, संध्याकाळी एक नंबरवर टाकले, म्हणून ते सोमवारीच जाणार होते. पण आत्याबाईंनी सोमवारी दुकानातले सगळे प्लग काढून ठेवले. आपल्या घरी सोमवारी बैल जुंपत न्हाईत, मग मशिनीनं काहून राबावं, असं त्यांना वाटलं. कॉपीचं त्यांना सांगितलं कोणी? तुमी न्हाई, मी बी न्हाई. अन् काल तुमी आत्याबाईंवर, सोताच्या आईवर, गिऱ्हाइकासमोर ओरडलात. त्या जेवल्या न्हाईत.

मी नवीन डिस्क बसवली. सगळी कॉपी आता मंगळवारी होईल, अन् रोजच्या कॉपीत मागच्या कॉपीनंतर आलेलं सगळं जाईल. दोनदा तपासलं. टाइमाला हात लावू नका.

आज सोमवार हाय. आत्याबाई प्लग काढतील, काढू द्या. पीठ डब्यात हाय, भाकरी तुमी थापा. ह्या घरात बैलाला सोमवार हाय, मशिनीला हाय, आज त्यांना बी असू द्या.

शिवकन्या