गाडीचा दम

तीर्थस्वरूप रावसाहेबमामा यांस,

सदाशिव पेठेतून इंद्रजीतचा साष्टांग नमस्कार (पुढच्या खोलीत आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात). मामींचे गुडघे कसे आहेत? तुमच्या तब्येतीचं विचारत नाही. रोज सकाळी यवतेश्वरचा डोंगर पायी चढणाऱ्या माणसाला ते विचारणं म्हणजे आगाऊपणा.

पत्रास कारण, तुम्ही मला दिलेली गाडी. मागच्या महिन्यात ती आठवडाभर साताऱ्याला नेलीत आणि परत करताना बॉनेटवर हात ठेवून म्हणालात, "पूर्वीसारखा दम राहिला नाही, इंद्रा. यवतेश्वरच्या चढाला दोनदा थांबावं लागतं." माझ्या फार मनाला लागलं. ज्या गाडीतून माझी वरात निघाली, तिने चढाला थांबावं? आमोदशी बोललो (आमचे चिरंजीव, खराडीत नोकरी करतात, कसली ते त्यांनाही सांगता येत नाही). तो म्हणाला, बाबा, इंजिन स्वॅप करू. मला वाटलं, हा कुणाची तरी गाडी पळवणार. पण तसं नाही. आपलं तेराशे सीसीचं इंजिन काढायचं आणि तिथे दुसऱ्या गाडीचं अठराशेचं बसवायचं.

खराडीच्या पुढे सुदर्शन नावाच्या गृहस्थाचं गॅरेज आहे. तिथे ते इंजिन साखळीला टांगलेलं होतं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण इंजिन असं उघडं, अधांतरी कधी पाहिलं नव्हतं. मी नकळत चपला काढल्या (आमोद लांब जाऊन उभा राहिला). तसंच इंजिन बसवलेली एक गाडी सुदर्शनने सुरू केली, तेव्हा पायाखालची फरशी थरथरली. आवाज मोठा नव्हता, खोल होता. लहानपणी तुम्ही मला पाठीवर घेऊन डोंगर चढायचात, तेव्हा तुमच्या छातीतून असाच आवाज यायचा.

अडचणी आहेत. हे इंजिन एकटं येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतं: मोठे ब्रेक, मोठा रेडिएटर. शिवाय बॉनेट बंद होणार नाही, त्याला वर फुगवटा काढावा लागेल. सौ. म्हणते, सदाशिव पेठेत तुमची गाडी दुसऱ्या गिअरच्या वर गेलेली कुणी पाहिली आहे का? मुद्दा बरोबर आहे. पण मी हे पेठेसाठी करत नाही. तुम्हाला बसवून यवतेश्वरला न थांबता जायचं, एवढंच मनात आहे.

आपला,
इंद्रजीत

ता. क. : गाडी अजून तुमच्याच नावावर आहे (मामाने दिलेली वस्तू नावावर करून घेणं मला कोतेपणाचं वाटलं). इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि अर्जावर मालकाची सही. तेवढी करावी.

ता. क. २ : पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो. जुन्या इंजिनाचा निरोप घ्यावा म्हणून आज गाडी सिंहगडावर नेली. एका दमात वर गेली. मग मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, अरे, गाडी कुठली, हे स्वतःबद्दल बोलत होते.

सही नको. शनिवारी सकाळी याच इंजिनाने न्यायला येतो. इथले हृदयाचे डॉक्टर आमच्या गल्लीतच आहेत आणि चढ अजिबात नाही. तयार राहा. मामा, मला भीती वाटते आहे.