व्याह्यांचा आहेर

धावडा,
शुक्रवार, १२ डिसेंबर

चि. अर्पिता,

दुकानदारानं आवाज खाली आणला आणि विचारलं, "कोण गेलं, मावशी?"

आईनं पांढरी साडी मागितली होती. भोकरदनच्या बाजारात ती एकाच कारणासाठी मागतात. त्यानं सगळ्यात खालच्या फळीवरून दोन-तीन घड्या काढल्या, बिनकाठाच्या.

"गेलं न्हाई कुणी," आई म्हणाली. "लेकीच्या सासूला न्यायचीय."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी पंख्याकडं बघितलं.

"अन् त्यांचे मालक?"

"हायेत की. धडधाकट हायेत. चांगली दाखव, निळ्या काठाची."

इथे सगळे खुशाल. कापसाची शेवटची वेचणी राहिली आहे. तुझी गाय व्याली, कालवड झाली. फोनवरच सांगितलं असतं, पण आई स्पीकर लावते आणि ओसरीवर सगळं ऐकू जातं. राजानंद उद्या जालन्याला चाललाय, त्याच्याजवळ हे देतो. मस्तगडातलं तुमचं घर त्याला माहीत आहे.

तू सांगितलंस ते सगळं आईनं पाळलं. नारळ नाही, हळदकुंकू नाही. तुझ्या लग्नात, विहारात, कौसल्याताई पांढऱ्या साडीत होत्या आणि तूही, हे तिनं मी पाठवलेल्या फोटोंत पाहिलंय. तरी घरी आल्यावर ती घडी मांडीवर घेऊन बसून राहिली.

"कुंकू न लावता साडी द्यायची म्हंजी दुकानदारानं दिल्यावानी झालं."

मी म्हणालो, दोन्ही हातांनी दे. जरा वाक.

"वाकायचं मला नको शिकवू. मी लेकीची आई हाय."

मग तिनं शेजारच्या झुंबरबाईंना बोलावून खाटेवर बसवलं, सराव करायला. साडी पुढं आली तशी झुंबरबाईंनी पदर मागं ओढला. "माझं म्हातारं जितं हाय, सगुणा. नुसते हात दाखव." आईनं नुसते हात पुढं केले, वाकली. दोघी हसल्या. मग आई उगीच आत गेली.

अण्णासाहेबांसाठी टॉवेल-टोपी घेतली, आपल्याकडं व्याह्यांना देतात तीच. ती व्याह्यानं व्याह्याच्या डोक्यावर ठेवायची असते. मी ठेवली तर ते फक्त कापड. आईला हे कळतं. साडी तिनं तीनदा उलगडून पाहिली, टोपीच्या पिशवीला हात लावला नाही.

रविवारी जेवायला किती जण, असं तू दोनदा विचारलंस. मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो. आबांचं नाव तू घेतलं नाहीस. मीही घेतलं नाही.

तुझं लग्न झाल्यापासून ते तुझ्याबद्दल काही बोललेले नाहीत. वाईटही बोललेले नाहीत. कुणी विचारलं तर "जालन्याला असती" एवढं सांगतात, सासर म्हणत नाहीत. तुला कळावं म्हणून लिहिलं.

आज संध्याकाळी आई सामान भरत होती. आबा ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसले होते. तसंच बसून म्हणाले,

"टोपी कशाला? ते बोडके राहतेत. काढून ठेवतील. फेटा न्या."

आईचा हात पिशवीतच राहिला. आबांनी अण्णासाहेबांना कधी पाहिलेलं नाही. फोटो फक्त माझ्या आणि आईच्या फोनमध्ये आहेत, आणि आम्ही ते आबांना दाखवलेले नाहीत.

"कोणत्या रंगाचा?" तिनं विचारलं.

 मी गावातल्या दुकानात जाऊन फेट्याचं कापड घेऊन आलो. पांढरं घेतलं. आबांनी ते बोटांत धरून पाहिलं आणि "पातळ हाय" म्हणाले. परत करा म्हणाले नाहीत.

मला फेटा बांधता येत नाही. हे त्यांना माहीत आहे. सूरजच्या घरात कुणाला येतो का, ते तू सांगू नकोस. विचारूही नकोस.

याच्यापलीकडं माझ्याजवळ काही नाही. तू यातून काही धरून बसू नकोस. कौसल्याताईंना सांग, दोन पानं.

तुझ्या लग्नातला माहेरचा एकटा माणूस,
अंगद

शनिवार, सकाळ. कचरू न्हावी आला होता. आबा अंगणात पाट टाकून बसले आणि दाढी करून घेतली. शनिवारी ते वस्तरा लावू देत नाहीत. कचरूनं विचारलं तसं म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं जायचंय." तीन पानं.