माझ्या नावाचा सांगाडा

सोमवार, ९ मार्च
नात प्रतीक्षानं माझ्या अक्षराचा नमुना घेतला आन उरलेली वही मला दिली. आता रोज लिहिणार. तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. जाड अक्षर कम्प्युटरनं कडेनं सोलत न्यायचं, मधी एक बारीक रेघ उरली पायजे. सांगाडा म्हणत्यात त्याला. शुक्रवारी मास्तर बघणार. पास झाली तर नोकरी. पण तिचा कम्प्युटर माझं नाव पार खाऊनच टाकतो. म्हणलं, बाय, आजीला आधी इचारायचं की! मी दुसरी पास आहे. काढते शोधून.

मंगळवार
अंगणात इंद्रायणी तांदळानं 'शकु' लिहिलं, रेघ सहा दाणे जाड. एका बाजूला मी, समोर शेजारची हिरा. नेम असा, मी हो म्हणलं की दोघींनी एकदम आपापल्या कडेचा दाणा उचलायचा. आत दुसरा दाणा असंल तरच. एकटा असला तर ठेवायचा. सहाचे चार झाले, चाराचे दोन. लय झ्याक. अजून एकदा हो म्हणलं आन अंगण साफ. हिरा हसली, म्हणली, शकुमावशी, तुमी गेलात की वो! कोंबडीचं काम असणार.

बुधवार, दुपारी
कोंबड्या पाटीखाली डालल्या. तरी अंगण साफ. दोनच उरले की मला हिराचा दाणा दिसतो, हिराला माझा. दोघी उचलतो. चूक हिराची. ती म्हणली, एकीनं थांबावं, मंग दुसरीनं उचलावं. म्हणलं, थांब तू. ती म्हणली, तुमी थांबा. घरी गेली. ऊन लय होतं.

गुरुवार
प्रतीक्षा रडकुंडीला आलती. आज्जे, सापडलं का, म्हणली. म्हणलं, व्हय, पद्धत बरोबर आहे, अक्षर अजून जाड कर. हिराचं बोलणं सांगितलं न्हाई. शिकल्याली पोर, उगा घोळात कशाला घाला?

शुक्रवार
प्रतीक्षानं घरी येऊन सांगितलं, पडदा कोरा. मास्तर म्हणले, दोन्ही कडा एकदम कशाला सोलल्या, आळीपाळीनं सोलायच्या. हे ऐकून, तांदूळ पाखडायला आलेल्या हिरानं माझ्याकडं बघितलं. मी सुपात बघितलं. कम्प्युटर माझ्यावर गेलाय, त्याचं जरा बरं वाटलं.

शनिवार
नोकरी दुसऱ्या पोरीला. 'शकु'चे तांदूळ शिजवले. प्रतीक्षा जेवली न्हाई. मी जेवले. मीठ कमी.