पौषात कुणाला उकडतं?

चि. उत्तरेश्वर यास वारज्याहून आईचा आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझा साई मात्र खराडीच्या ऑफिसात जात नाही. नवव्या मजल्यावर जमीन हलते म्हणतो. काल म्हणाला, "आजी, लहानपणी भूकंपात बाबांनी मला उकरून काढलं नसतं तर बरं झालं असतं." मी त्याला धरूनच बसले.

अंगारा पाठवू नकोस, राखेनं हे जायचं नाही. मनाचा डॉक्टर गाठलाय. तो वेड्यांचा नसतो, मी बघून आले. साई म्हणतो, बाबा आले तरच जाईन.

भूकंपापासून तू अंगणात झोपतोस. विचारलं की उकडतंय म्हणतोस. पौषात कुणाला उकडतं रे? डॉक्टर दोघांनाही बघेल. म्हैस शेजारी बांध आणि मिळेल त्या गाडीनं नीघ.

तोवर त्याला एकट्याला कुठं जाऊ द्यायची नाही, मी दार अडवून बसलेय.

तुझी आई, मथुरा